दरफरकाचे ७३ जीबी: दोन सर्व्हिसमध्ये मोठा डेटा कसा पोचवावा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात नुकतं लागलेलं पोरगं असो, की घरी बसून पुण्या-बंगळूरच्या कंपनीचं काम करणारं, मायक्रोसर्व्हिसच्या (एकमेकांशी बोलणाऱ्या छोट्या छोट्या प्रोग्रामच्या) पहिल्या कामात बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. चार ओळींचे मेसेज इकडून तिकडे बिनबोभाट जातात. मग कुणीतरी सांगतं, "वर्षाचा सगळा डेटा त्या सर्व्हिसला पाठव." पाठवायला जावं तर कधी ४१३ हा एरर, कधी ५०४, आणि कधी काहीच न सांगता समोरची सर्व्हिस मरून परत उभी राहते.

हा लेख त्या अडचणीतून बाहेर काढण्यासाठी आहे. एक उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ, म्हणजे गोष्टी हवेत राहणार नाहीत.

उदाहरण

एक काल्पनिक दूध संघ घ्या. कोल्हापूर जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत गावोगावी त्याच्या संस्था आहेत. सकाळ-संध्याकाळ संकलन होतं. प्रत्येक सभासदाची नोंद पडते: गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, रक्कम. दहा दिवसांनी बिल निघतं आणि दिवाळीला वर्षभराचा दरफरक, म्हणजे दराच्या फरकापोटी सभासदाला मिळणारी जादा रक्कम. सॉफ्टवेअरमध्ये दोन सर्व्हिस आहेत. 'संकलन' नोंदी साठवते, 'बिल' पैशाचा हिशेब करते.

सभासद ५ लाख धरू. दिवसाला दोन नोंदी, म्हणजे दहा दिवसांच्या १ कोटी. एक नोंद जेसनमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्या लिहायची पद्धत) २०० बाइटची धरली तर २ जीबी होतात. वर्षाच्या नोंदी होतात साडेछत्तीस कोटी, म्हणजे ७३ जीबी. (प्रत्येक सभासद रोज दोन्ही वेळा दूध घालत नाही, पण हिशेब वरच्या बाजूनेच धरावा.)

२ जीबी शंभर एमबीपीएसच्या लाइनवरून जायला कागदावर १६० सेकंद लागतात, म्हणजे वेगाची फारशी भानगड नाही. वाटेत बसलेल्या प्रत्येकाने आपापली मर्यादा लावून ठेवलेली असते, ती नडते. सर्व्हिसच्या दारात बसून रिक्वेस्ट आत पाठवणारा एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी रिक्वेस्ट घेतच नाही, तिथे ४१३ मिळतो. मागची सर्व्हिस ६० सेकंद गप्प राहिली की तो कनेक्शन सोडतो, तो ५०४. जीआरपीसी, म्हणजे सर्व्हिसनी एकमेकींना थेट हाक मारायची पद्धत, ४ एमबीपेक्षा मोठा मेसेज स्वीकारत नाही. मेसेज रांगेत धरून ठेवणाऱ्या काफ्काची मर्यादा १ एमबीच्या आसपास आहे.

या सगळ्या मर्यादा वाढवता येतात, आणि नवा माणूस नेमकं तेच करतो. ४१३ आला, आकडा वाढवला, गेला. मग ५०४ आला, तोही वाढवला. शेवटी समोरची सर्व्हिस अख्खा जेसन मेमरीत उघडते, मेमरीत तो फाइलपेक्षा कित्येक पटींनी फुगतो आणि सर्व्हिस चालवणारं कुबरनेटिस तिच्या पॉडला (ती ज्या डब्यात चालते त्याला) मारून टाकतं. लॉगमध्ये एरर शोधत बसू नका, तिथे काही सापडणार नाही. पॉडची माहिती काढून बघा: 'ओओएमकिल्ड', एक्झिट कोड १३७. हा कोड दिसला की मर्यादा वाढवणं थांबवा आणि रस्ता बदला.

पायरी १: इतका डेटा हलवायचा कशाला?

ही पायरी सगळे गाळतात. माझ्या मते अर्धी कामं इथेच संपतात.

दहा दिवसांचं बिल घ्या. दर आणि रक्कम संकलनाच्या वेळीच ठरते, सभासदाच्या हातातल्या पावतीवर ती छापलेली असते. मग 'बिल' सर्व्हिसला एक कोटी नोंदी हव्यातच कशाला? तिला प्रत्येक सभासदाची दहा दिवसांची बेरीज पुरते. नोंदी विसाव्या हिश्श्यावर येतात, ५ लाख ओळी, सुमारे १०० एमबी. 'संकलन'ने बेरीज करून द्यायची, विषय संपला.

दुसरा प्रश्न असा की सगळं एकदमच का पाठवायचं? सकाळचं संकलन संपलं की सकाळच्या नोंदी, संध्याकाळचं संपलं की संध्याकाळच्या, असं रोजच्या रोज गेलं तर बिलाच्या दिवशी हलवायला काही उरतच नाही. डेटाबेसमधले बदल आपोआप पुढे ढकलणारी डेबेझियमसारखी साधनंही आहेत. पण एक लक्षात ठेवा: संस्थेकडून दुरुस्त्या येतातच. परवाची फॅट चुकीची पडली होती, आज बदलली. रोजच्या प्रवाहात जुन्या नोंदीची दुरुस्ती पाठवायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर ती घुसडायला फार त्रास होतो.

तरीही काही कामं उरतातच. नवी सर्व्हिस उभी करताना तिला जुना सगळा डेटा लागतो, ऑडिटला लागतो, आणि आपल्या उदाहरणात दरफरकाचा हिशेब नोंदनिहाय मागितलाय. ते ७३ जीबी न्यावेच लागणार. इथून पुढचं सगळं अशा कामांसाठी आहे.

पायरी २: माल मेसेजमधून न्यायचा नाही

ऊस भरलेली ट्रॉली कारखान्याच्या अकाउंट ऑफिसात कुणी नेत नाही. ट्रॉली काट्यावर जाते, ऑफिसात जाते ती वजनाची पावती. इथेही तेच करायचं. डेटा फाइलमध्ये लिहून ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये टाकायचा आणि क्यूमधून (मेसेजच्या रांगेतून) फक्त त्याचा पत्ता पाठवायचा. या रचनेला 'क्लेम चेक' म्हणतात.

ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणजे नेटवर्कवरून फाइली ठेवायची कोठी, ॲमेझॉनचं एस-थ्री किंवा तशाच दुसऱ्या क्लाउडची सेवा. शिकताना खर्च नको असेल तर मिनिओ किंवा सीवीडएफएससारखं, एस-थ्रीचीच बोली समजणारं स्टोरेज स्वतःच्या लॅपटॉपवर चालवा. कोड जवळपास तोच राहतो.

"एवढं कशाला, बेस-सिक्स्टीफोर करून जेसनमध्येच कोंबू" असं सुचवणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो. बेस-सिक्स्टीफोर म्हणजे फाइलचे बाइट साध्या अक्षरांत लिहिणं, त्यात दर तीन बाइटचे चार होतात. म्हणजे आधीच जड असलेला माल एक तृतीयांशाने वाढवून, वर तो अख्खा मेमरीत उघडायचा. नको.

पायरी ३: फाइलचा प्रकार

जेसनमध्ये प्रत्येक नोंदीत 'सभासद_क्रमांक', 'फॅट', 'एसएनएफ' ही नावं पुन्हा पुन्हा लिहिली जातात. साडेछत्तीस कोटी वेळा. हिशेबाचा, रकान्यांचा डेटा असेल तर पार्के वापरा. त्यात एका रकान्याच्या किमती एकत्र ठेवतात. फॅटचे आकडे ठरावीक टप्प्यात फिरतात, गाय-म्हैस तर दोनच किमती, त्यामुळे दाबून फाइल बरीच लहान होते. शिवाय वाचणाऱ्याला फक्त लिटर आणि फॅट हवं असेल तर तेवढेच रकाने वाचता येतात.

पार्के जमत नसेल तर एका ओळीत एक नोंद अशी जेसनची फाइल करा आणि झेडस्टँडर्ड किंवा जीझिपने दाबा. अख्खी फाइल म्हणजे एकच मोठी यादी असं जेसन मात्र करू नका. बहुतेक लायब्रऱ्या ते शेवटचा कंस सापडेपर्यंत मेमरीत धरून बसतात.

लिटर आणि रुपये फ्लोटमध्ये (दशांश चिन्हाच्या आकड्यात) ठेवू नका. मिलिलिटर आणि पैसे असे पूर्णांक ठेवा. का ते पायरी ५ मध्ये कळेल.

पायरी ४: तुकडे कसे पाडायचे

७३ जीबीची एकच फाइल करता येते, पण करू नये. शेवटच्या टप्प्यावर लाइन तुटली तर सगळं पहिल्यापासून. एस-थ्रीमध्ये एका दमात ५ जीबीपर्यंतच चढवता येतं, त्यापुढे मल्टिपार्ट, म्हणजे भाग-भाग करून चढवणं, लागतं. मल्टिपार्टमध्ये जास्तीत जास्त १०,००० भाग चालतात. ५ एमबीचा सगळ्यात लहान भाग धरला तर ५० जीबीच्या आत-बाहेर गाडी थांबते. भागाचा आकार वाढवून हे सुटतं, पण ही मर्यादा बरेचदा तासभर अपलोड झाल्यावर समजते.

मग तुकडे पाडायचे कशावर? पहिलं सुचतं ते तालुक्यावर. दिसायला छान, बारा तालुके बारा फाइली, बारा वर्कर (एकाच वेळी काम करणाऱ्या प्रोग्रामच्या प्रती). प्रत्यक्षात करवीरची फाइल संपता संपत नाही आणि गगनबावड्याची चुटकीसरशी होते. अकरा वर्कर रिकामे बसून एकाची वाट बघतात. तुकडा नेहमी असा पाडा की आकार साधारण सारखा राहील.

आपल्या उदाहरणात सोपा तुकडा समोरच आहे: एक वेळचं संकलन, एक फाइल. ३६५ दिवस, दोन वेळा, म्हणजे ७३० फाइली. प्रत्येकीत ५ लाखांच्या आसपास नोंदी, जेसनच्या हिशेबाने १०० एमबी. दुधाचा हंगाम वर-खाली होतो तेवढा फरक राहील, तो चालतो. याचा आणखी एक फायदा: गेल्या महिन्यातल्या एका सकाळची दुरुस्ती आली तर तेवढी एकच फाइल नव्याने करायची.

डेटाबेसमधून नोंदी काढताना 'ऑफसेट' देऊन पानं उलटू नका. ऑफसेट ५० लाख दिला की डेटाबेस ५० लाख ओळी चालून जातो आणि टाकून देतो, पुढच्या पानाला पुन्हा तेच. त्याऐवजी शेवटचा वाचलेला क्रमांक लक्षात ठेवून 'त्यापुढच्या दे' असं मागा. त्या क्रमांकावर इंडेक्स हवा, एवढंच.

पायरी ५: आधी माल, मग यादी, मग मेसेज

हा क्रम मोडू नका. आधी ७३० फाइली चढवायच्या. मग एक यादीची फाइल लिहायची, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. सगळ्यात शेवटी क्यूमध्ये एक मेसेज. उलटा क्रम केलात तर 'बिल' सर्व्हिस मेसेज मिळताच धावते आणि फाइल न सापडून ४०४ खाते.

यादीत प्रत्येक फाइलसाठी एवढं असू द्या: फाइलचा पूर्ण पत्ता, आकार, शा-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा), नोंदींची संख्या, एकूण मिलिलिटर, एकूण पैसे. शेवटचे तीन रकाने प्रोग्रामर सहसा लिहीत नाहीत. संस्थेच्या सचिवाला विचारा, ताळा लागल्याशिवाय तो वही मिटत नाही. चेकसम फक्त एवढंच सांगतो की फाइल वाटेत बिघडली नाही. फाइल तयार करतानाच शंभर नोंदी गळाल्या असतील तर चेकसम बरोबरच येणार. बेरजेचा ताळा तिथे पकडतो. त्यासाठी 'संकलन'ने या बेरजा डेटाबेसमधून वेगळ्या काढाव्यात, लिहिलेल्या फाइलवरून नव्हे. आणि ताळा पैशापैशाने जुळायला हवा, म्हणून पूर्णांक. फ्लोटची बेरीज क्रम बदलला तरी शेवटच्या अंकात बदलते.

चेकसम स्वतः काढा. एस-थ्री जो ईटॅग देतो तो फाइलचा एमडी-फाइव्ह चेकसम समजून वापरणारे कमी नाहीत. मल्टिपार्टने चढवलेल्या फाइलचा ईटॅग तसा नसतो. त्याच्या शेवटी डॅश आणि भागांची संख्या असते, तीच खूण.

आता मेसेज. तो असा दिसेल (बकेट म्हणजे स्टोरेजमधला फाइलींचा कप्पा):

प्रकार: दरफरक-नोंदी-तयार
रन: ०००७
कालावधी: २०२४-२५
यादी: दूध-देवघेव बकेट, दरफरक/२०२४-२५/रन-०००७/यादी
यादीचा शा-२५६: (६४ अक्षरं)
रचनेची आवृत्ती: ३

काही शे बाइट. कुठल्याही क्यूला हा जड नाही.

पत्त्यातला 'रन-०००७' महत्त्वाचा, रन म्हणजे पाठवायची एक फेरी. पुन्हा पाठवायची वेळ आली की ०००८ करा, जुन्या फाइलवर नवी लिहू नका. उशिरा जागा झालेला एखादा वाचक ०००७ चा मेसेज घेऊन येईल, त्याला ०००७ चाच माल मिळाला पाहिजे. अर्धी जुनी अर्धी नवी फाइल वाचून निघालेला दरफरक कुणाला समजावून सांगणार?

ऑब्जेक्ट स्टोरेजऐवजी सामायिक डिस्क किंवा एसएफटीपी वापरत असाल तर अर्धवट लिहिलेली फाइलही दुसऱ्याला दिसते. तिथे आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाली की नाव बदला. एस-थ्रीत ही चिंता नाही, अपलोड पुरं झाल्याशिवाय ऑब्जेक्ट दिसतच नाही.

पायरी ६: घेणाऱ्याची बाजू

पाठवणं सोपं, घेणं अवघड. सगळ्यात जास्त रात्रीचे फोन याच पायरीमुळे येतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

क्यूने मेसेज दिला की तिची अपेक्षा असते, हे काम लौकर होईल. तुमचं काम मोठं, ते लौकर होत नाही. मग क्यू समजते की हा कामगार मेला, आणि तोच मेसेज दुसऱ्याला देते. काफ्काच्या कन्झ्युमरने (मेसेज घेणाऱ्याने) पाच मिनिटांत पुढचा मेसेज मागितला नाही तर त्याला गटातून काढतात. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या क्यूमध्ये ही मुदत मुळात फक्त ३० सेकंदांची असते, वाढवून १२ तासांपर्यंत नेता येते. रॅबिटएमक्यू पोच मिळायची अर्धा तास वाट बघतो. आता चित्र बघा: पहिला वर्कर निवांत काम करतोय, दुसऱ्याने तेच सुरू केलं, पाच मिनिटांनी तिसऱ्याने. कुणीच मेलेलं नाही, एकही एरर नाही, आणि डेटाबेस मात्र घामाघूम.

यावर उपाय असा. मेसेज घेतला की काम सुरू करू नका. 'रन ०००७, ७३० फाइली, स्थिती बाकी' अशा ओळी स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहा आणि लगेच क्यूला पोच द्या. मग वर्करनी त्या टेबलमधून एकेक फाइल उचलायची. उचलताना ओळीला कुलूप, झाली की 'पूर्ण'. एखादा वर्कर मेला तर त्याची एकच फाइल परत करावी लागते, उरलेल्या ७२९ ना धक्का नाही.

तोच मेसेज दोनदा येणार हे गृहीत धरा. रन आणि फाइल मिळून युनिक की लावली की दुसऱ्या वेळी ओळ पडतच नाही. नोंदीही आधी एका कच्च्या टेबलमध्ये घाला, ७३० च्या ७३० चा ताळा जुळल्यावरच पक्क्या टेबलमध्ये न्या. एखाद्या फाइलचा ताळा चुकला तर ती बाजूला ठेवा आणि माणसाला कळवा. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून बेरीज बदलत नाही. नेटवर्कच्या चुकांसाठी मात्र पुन्हा प्रयत्न करावा, दर वेळी थांबायचा काळ दुप्पट करत आणि त्यात थोडा इकडे-तिकडे फरक ठेवत. नाहीतर सगळे वर्कर एकाच क्षणी परत धडकतात.

फाइल अख्खी मेमरीत न घेता प्रवाहाने वाचा, दहा हजार नोंदींचा गठ्ठा झाला की डेटाबेसमध्ये घाला. पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर एकेक इन्सर्टऐवजी कॉपी कमांड वापरा, फरक डोळ्यांना दिसतो.

स्ट्रीमिंग कधी?

जीआरपीसी स्ट्रीमिंगने थेट सर्व्हिस ते सर्व्हिस पाठवता येतं, आणि घेणारा दमला तर पाठवणारा आपोआप हळू होतो, ही त्याची मोठी सोय. पण दोन्ही बाजू पूर्ण वेळ जिवंत लागतात. मधेच कुणी नवी आवृत्ती चढवली की कुबरनेटिस जुन्या पॉडला आवरायला ठरलेले ३० सेकंद देतं आणि बंद करतं. कुठपर्यंत आलो होतो ते लक्षात ठेवायची सोय तुम्हीच बांधायची. काही मिनिटांत संपणाऱ्या, लगेच उत्तर हव्या असलेल्या कामाला स्ट्रीमिंग घ्या. दरफरकासारख्या कामाला मी घेणार नाही.

पायरी ७: किल्ल्या, सफाई, खर्च

वाचणाऱ्याला स्टोरेजची किल्ली देण्याऐवजी मुदतीची सही केलेली लिंक देता येते, प्रीसाइन्ड यूआरएल. एस-थ्रीत तिची कमाल मुदत ७ दिवस. पण ती तात्पुरत्या क्रेडेन्शियलने सही केली असेल तर क्रेडेन्शियल संपताच लिंकही संपते, वर काहीही मुदत लिहिलेली असो. लिंक लॉगमध्ये छापू नका, ज्याच्या हाती लागेल त्याला फाइल उघडते. सभासदाचा बँक खाते क्रमांक या फाइलींत मुळी घालूच नका. दरफरक काढायला तो लागत नाही.

सफाईचा नियम लावताना क्यूकडे बघा. काफ्का मुळात ७ दिवस मेसेज ठेवतो. फाइली पाचव्या दिवशी पुसल्या आणि सहाव्या दिवशी कुणी जुने मेसेज परत चालवले तर पावती आहे, माल नाही. फाइलीचं आयुष्य मेसेजपेक्षा जास्त ठेवा. अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट अपलोड पुसायचा नियम वेगळा लावावा लागतो. ते साध्या यादीत दिसत नाहीत, बिलात मात्र दिसतात.

ॲमेझॉनवर असाल तर सर्व्हिस आणि बकेट एकाच रीजनमध्ये ठेवा, मुंबई तर मुंबई. खासगी नेटवर्कमधून एस-थ्रीकडे जायला गेटवे एंडपॉइंट लावा, त्याला पैसे पडत नाहीत. तो नसेल तर सगळा माल नॅट गेटवेतून (खासगी नेटवर्कमधून बाहेर पडायच्या दारातून) जातो आणि तिथे दर जीबीला आकार आहे.

पायरी ८: मोडून बघा

चालू करण्याआधी मुद्दाम मोडा. घेणाऱ्याची मेमरी २५६ एमबी करा, तरी चाललं पाहिजे. तोच मेसेज तीनदा पाठवा, नोंदी तेवढ्याच राहिल्या पाहिजेत. एका फाइलमधला एक बाइट बदला, चेकसमने पकडलं पाहिजे. एका फाइलमधली एक नोंद काढून चेकसम नव्याने लिहा, आता ताळ्याने पकडलं पाहिजे. मधल्याच एखाद्या फाइलवर वर्कर मारा आणि बघा, परत उठल्यावर तो तिथूनच सुरू करतो की पहिलीपासून.

या चाचण्या करायला ७३ जीबी लागत नाहीत. आठवडाभराच्या चौदा फाइली, प्रत्येकीत हजार नोंदी, एवढं लॅपटॉपवर पुरतं. खऱ्या आकाराची फेरी एकदाच मारा, तीही बिल निघायचे दिवस सोडून. त्या वेळी मेमरीचा आलेख समोर उघडा ठेवा. फाइलीमागून फाइली जाताना तो सपाट राहिला तर कोड प्रवाहाने वाचतोय, आणि पायऱ्या चढत गेला तर कुठेतरी अजून एखादी यादी भरत चाललीय, ती शोधा.